फुलदाणीपाशी थांबून बोलणारा म्हातारा

चालता चालता बोललेलं त्या म्हाताऱ्याला खपायचं नाही. मी जिना उतरता उतरता काही म्हणलं की हात वर करायचा. "स्टॉप." मी थांबायची. मग बोट फुलदाणीकडं. तिथं जाऊन उभं राहायचं, त्यानं मान हलवली की बोलायचं. बोलणं तरी काय, तर उद्या कचऱ्याची गाडी आहे, डबे बाहेर काढा. तेवढ्यासाठी एवढं सगळं.

खालच्या घरात त्याच्या सात फुलदाण्या होत्या. मी मोजल्या होत्या, कारण पहिल्याच आठवड्यात पुसायला गेले आणि त्यानं माझ्या हातातून फडकं ओढून घेतलं. कापडाची फुलं, त्यावर बोटभर धूळ. स्वैपाकघरात एक, संडासाबाहेर एक, उशाशी एक. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की हा त्यातल्या एकीच्या तोंडापाशी वाकायचा आणि एकेक शब्द तोडून तोडून बोलायचा.

मी मुलीला म्हणलं, "वैशू, हा डोक्यानं अधू आहे का गं?"

"आई, हळू बोल. घरमालक आहे तो आपला."

"त्याला काय मराठी कळतंय?"

"तुझा चेहरा कळतो ना."

ते खरं होतं. माझा चेहरा त्याला कळायचा. आणि त्याचं इंग्रजी मला कळायला लागलं, ते ह्या फुलदाण्यांमुळंच. अमेरिकेतल्या ह्या ॲन आर्बरमध्ये बाकी सगळे भरभर बोलतात, बसवाला, दुकानातली पोरगी, माझा जावई फोनवर. हा एकटाच असा, की शब्द बोलून झाला की पुढचा शब्द यायच्या आत मला आधीचा समजून घ्यायला वेळ मिळायचा. मी मराठीत उत्तर द्यायची, येतील तेवढे इंग्रजी शब्द मधे मधे घालून. तो मान हलवायचा. चार वर्षं आमचं असं चाललं. त्या चार वर्षांत मी त्याची एक गोष्ट कायमची घालवली. तीच सांगायचीय, पण आधी तो माणूस कळायला पाहिजे, नाहीतर काय गेलं ते कळायचं नाही.

फुलदाणीचं कारण त्यानंच सांगितलं, एका दुपारी. सिनेमा नवा नवा बोलायला लागला तेव्हा आवाज पकडायचं यंत्र हलवता यायचं नाही. मग ते टेबलावरच्या फुलदाणीत लपवायचे. नट-नट्या सगळ्या त्या फुलदाणीभोवती गोळा व्हायच्या. भांडायचं तरी तिथंच, प्रेम करायचं तरी तिथंच. चालत चालत बोललं तर आवाज जायचा. म्हणून थांबायचं, मग बोलायचं.

"आणि फुलदाणीपासून लांब जे बोलले ते?" मी विचारलं.

"गेलं," तो म्हणाला. "कायमचं."

मला तो 'मॅडम' म्हणायचा. मी बाबा म्हणायची. मॅडम मला जन्मात कोणी म्हणलं नव्हतं. पुण्यात एकोणीस वर्षं मी एका बंगल्यात धुणंभांडी केली, मग स्वैपाकही. मागच्या अंगणातून यायचं, चपला मागच्या पायरीला काढायच्या, स्वैपाकघराच्या दारानं आत. दिवाणखान्यात मी झाडू घेऊन गेले तेवढीच. त्या घरच्या वहिनी स्वभावानं वाईट नव्हत्या. फक्त माझा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. माझी वैशू त्याच स्वैपाकघरात पाटावर बसून शिकली आणि त्याच घरच्या निखिलदादानं तिच्याशी लग्न केलं. त्या दिवसापासून वहिनी माझ्या विहीणबाई झाल्या आणि माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जावई मला अजून मावशीच म्हणतो, लहानपणापासूनची सवय. माझ्याही तोंडून दादाच निघतं. वैशू डोळे मोठे करते. जीभ काय सांगून वळत नाही.

निखिलला इथल्या युनिव्हर्सिटीत काम लागलं, नात झाली, मला बोलवून घेतलं. लाकडी घर, खाली म्हातारा, वर आम्ही. आमचा जिना मागच्या बाजूनं. म्हाताऱ्याला दुपारी काहीतरी गरम लागायचं, मी खिचडी, आमटी, मऊ भात घेऊन खाली जायची, त्याच्या स्वैपाकघराच्या मागच्या दारानं. वैशू म्हणायची, "आई, तू इथं कोणाची कामवाली नाहीस, पुढून बेल वाजवून जा." मी म्हणायची, मागचं दार जवळ पडतं. जवळ पडायचंच, पण ते कारण नव्हतं.

त्या घरात आग चालायची नाही. वरच्या घराचा करार झाला तेव्हाच लिहून घेतलेलं, काडेपेटी नाही, मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही. शेगडी विजेची. मी पहिल्या दिवाळीला म्हणलं, एका निरांजनानं काय होतंय. देवापुढं लावलं, हात जोडले, डोळे उघडले तर दारात म्हातारा. कसा वर आला, कोण जाणे, काठीशिवाय. चेहरा पांढराफटक. बोलेना. आमच्या घरात फुलदाणी नव्हती ना. नुसता निरांजनाकडं बोट करून उभा. मी बोटांनी वात चिमटली तेव्हा जिन्यात खाली बसला.

दुसऱ्या दिवशी मला मागच्या अंगणात बोलावलं. पत्र्याची बादली, त्यात पाणी. चिमट्यात नखाएवढा फिल्मचा तुकडा. लायटर लावला आणि पेटलेला तुकडा सरळ पाण्यात बुडवला. मी म्हणलं, विझला. विझला नाही. पाण्याखाली जळत होता, बुडबुडे काढत, पिवळा. संपेपर्यंत जळला.

"जुनी फिल्म," तो म्हणाला. त्यासाठी त्यानं आतून फुलदाणी आणून बादलीशेजारी ठेवली होती. "मॅडम, धूर दिसला तर पळायचं. बाळाला घ्यायचं आणि पळायचं. पाणी घालायला थांबायचं नाही."

तळघरात एक जुना फ्रिज होता, त्यात दुसरं काही नाही, फक्त एक पत्र्याचा चपटा डबा, भाकरीच्या तव्याएवढा. त्यात हीच फिल्म. सबंध घराच्या खाली. वैशू घर बदलायचं म्हणाली. पण भाडं कमी होतं, बाळ लहान होतं, आणि म्हाताऱ्यानं तिचा हात धरून सांगितलं, थंड आहे तोवर काही होत नाही. म्हणून राहिलो. पण त्या दिवसापासून मी धूर हुंगत झोपायची.

त्या डब्यात काय आहे ते मला वर्षभरानं कळलं. सिनेमाची गोष्ट मात्र आधीपासून ऐकत आले होते. एक शिवण शिवणारी गरीब पोरगी, एक गिरणीमालकाचा मुलगा. दोघांचं जमतं. मुलाचा बाप म्हणतो, हिला घरात घेतलीस तर तू बाहेर. सात रिळांचा सिनेमा. म्हातारा ती गोष्ट दर थोड्या दिवसांनी सांगायचा आणि दर वेळी शेवट वेगळा. एकदा मुलगा घर सोडतो. एकदा पोरगीच निघून जाते, त्याचं भलं व्हावं म्हणून. एकदा तर म्हातारा बाप तिच्या पायाशी येतो. मी म्हणलं, "बाबा, मागच्या खेपेला तर ती आगगाडीत बसून गेली होती."

तो हसला. बाकीची सहा रिळं जगात कुठंच नव्हती, शेवट कोणालाच माहीत नव्हता. ज्या दिवशी जसं वाटेल तसं तो सांगायचा.

मी त्याला विचारलं, "त्या पोरीच्या आईचं काय झालं?"

"आई?"

"पोरीला आई असेल ना. तिला कोणी काय म्हणलं का? ती कुठं राहिली?"

त्यानं हात वर केला. मग म्हणाला, सिनेमात आई नाही. इतकी वर्षं सांगतोय, कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून तो मला उरलेलंही सांगायला लागला.

तो जो डबा होता त्यात त्याची आई होती.

ती शिवणकाम करायची, त्या सिनेमावाल्यांकडं. कपडे नीट बसतात का बघायला उभी असायची, एकदा तिलाच मोलकरणीचा पांढरा एप्रन घालून कॅमेऱ्यापुढं उभी केली. एक दार उघडायचं, एक वाक्य बोलायचं. तिच्यावर खराच एका पैसेवाल्याच्या मुलाचा जीव बसला. पण सिनेमातल्यासारखं तिथं सात रिळं लागली नाहीत. पोर झालं, त्याच्या घरच्यांनी पोर ठेवून घेतलं, आईला ठेवलं नाही. म्हातारा तेव्हा दीड वर्षाचा. मोठ्या घरात, दाईच्या हाताखाली वाढला. आई दोन-तीनदा दाराशी आली होती म्हणे, मागच्या. नोकरांनी घालवून दिली. मग ती कुठंतरी छातीच्या दुखण्यानं गेली. त्याला तिचं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मोठा झाल्यावर घर सोडून थिएटरात सिनेमा दाखवायच्या यंत्रावर कामाला लागला, कशासाठी, तर ते एक रीळ शोधायला. बंद पडलेल्या एका थिएटरच्या माळ्यावर सापडलं.

पण बिनआवाजाचं. त्या वेळी चित्र रिळावर असायचं आणि आवाज वेगळ्या तबकडीवर, पुरणाच्या परातीएवढी तबकडी. दोन्ही बरोबर लावायचं. तबकडी हरवलेली. म्हणजे पन्नास वर्षं त्यानं आईला बघितलं, तिचे ओठ हलताना बघितले, ती काय बोलते ते ऐकलं नाही.

यंत्रावर घालण्यासारखी फिल्म राहिली नव्हती. वर्षातून एकदा हातमोजे घालून तो हातभर उलगडायचा आणि खिडकीसमोर धरायचा. एका वर्षी मलाही बोलावलं. बोटाच्या पेराएवढी बाई. पांढरा एप्रन, रुंद कपाळ, डावा खांदा जरा खाली, ओझं उचलणाऱ्यांचा होतो तसा. समोर पावसात भिजलेली पोरगी, गाठोडं घेतलेली. मोलकरीण दार उघडते, तोंड उघडते, पोरगी पाठ फिरवून निघून जाते.

"ती हाकलते," म्हातारा म्हणाला. "हेच शब्द तिला पुढं कोणीतरी म्हणणार होतं. आणि इथं तीच म्हणतेय."

मला त्या बाईचा खांदा दिसत होता.

मग ते पत्र आलं. लांबच्या एका गावात जुने सिनेमे जपणारी एक संस्था होती. त्यांना कोणाच्या तरी कोठारात तबकड्यांचा गठ्ठा सापडला होता, त्यात ह्याच रिळाची तबकडी. त्यांचा माणूस शुक्रवारी येणार, रीळ नेणार, फिल्मची नवी प्रत काढणार, आवाज जोडणार. म्हाताऱ्यानं ते पत्र सातही फुलदाण्यांपाशी एकेकदा वाचलं. मला वाटतं तेव्हाच त्याला ताप चढला असणार. रात्रंदिवस तळघरात जाऊन डबा थंड आहे का बघायचा, ओलीत बसायचा. रविवारी छाती भरली. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर झोपवलं तरी उठायला बघत होता. मी उशाजवळची फुलदाणी उचलून त्याच्या तोंडाशी धरली, तेव्हा गप्प झाला.

"मॅडम. फक्त थंड ठेवा. शुक्रवारपर्यंत."

तळघराची किल्ली माझ्या मुठीत दिली. वैशूच्या नाही, निखिलच्या नाही.

सोमवारी वादळ झालं. झाडं पडली, सगळ्या भागाची वीज गेली. मी पहिलं तळघर गाठलं. फ्रिजचा दिवा बंद. निखिल म्हणाला, "मावशी, येईल तासाभरात." आली नाही. मी त्याला दुकानात पाठवला, बर्फाच्या पिशव्या आणवल्या, डब्याच्या वर-खाली-बाजूला लावल्या. मंगळवारीही वीज नाही. परत बर्फ. दर दोन तासांनी खाली जाऊन डब्याला हात लावायची. थंड होता. थंड ठेवा म्हणाला होता, थंड ठेवला.

बुधवारी सकाळी वीज आली तेव्हा फ्रिजच्या तळाशी चार बोटं पाणी होतं. डबा उचलला तर आत डुचमळलं. झाकण काढलं. वास आला, आंबट, आठ दिवसांच्या ओल्या मोज्यासारखा. रिळाच्या कडा चिकट झालेल्या, मध लागल्यासारख्या.

त्या दिवशी मी काय विचार केला ते मी नंतर हजारदा आठवून बघितलंय. माझा जन्म गेला ऊन दाखवण्यात. लोणचं, तांदूळ, गाद्या, निखिलच्या आजोबांची पुस्तकं, वहिनींचे शालू. ओल लागली, वास आला, की ऊन. वहिनींच्या एका शालूला कधी कसर लागली नाही, ती माझ्यामुळं. ह्याला वास आलाय. परवा माणूस येणार. म्हातारा आज दुपारी घरी येतोय. त्याच्या हातात ओला, चिकट डबा देऊ? मी पाणी निथळलं. मऊ फडक्यानं कडा टिपल्या. अंगणातल्या दगडी ओट्यावर माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, तोंडाला दादरा बांधलेला, म्हणजे धूळ बसू नये म्हणून विरळ फडकं. तसंच फडकं मी डब्यावर बांधलं. शेजारी ठेवला. एक तास ऊन, मग आत.

आगीचं सांगितलं होतं त्यानं मला. उन्हाचं कोणी सांगितलं नव्हतं.

नात वर झोपलेली. मी खिडकीतून बघत भाजी निवडत होते. ऊन कडक, जुलैचं. वैशूची गाडी मागच्या रस्त्यानं आत आली. म्हातारा काठी टेकत उतरला, दवाखान्याचा कागदी पट्टा मनगटाला. मी हात पुसत खाली आले, म्हणलं, बाबा आले. त्याची नजर ओट्याकडं गेली.

तो थांबला. हात वर केला, कायम करायचा तसा. अंगणात फुलदाणी नव्हती. तोंड उघडलं, आवाज नाही. मी त्याच्या नजरेच्या मागोमाग बघितलं. फडक्यातून दोऱ्याएवढी एक रेघ वर येत होती. पिवळी.

"वैशू, बाळ!" मी ओरडले. ती जिन्यावरून पळाली.

आणि म्हातारा डब्याकडं निघाला. धूर दिसला तर पळायचं म्हणणारा माणूस. काठी धड टेकत नव्हती, तरी मला वाटलं नव्हतं एवढ्या जोरानं. मी जाऊन त्याला कवळ्यात धरलं. त्याच्या अंगाला हात लावायची माझी पहिलीच वेळ. हाडंच हाडं, तापानं गरम.

"लेट गो, मॅडम."

"नाही बाबा."

"लेट गो. शी इज देअर!"

मला कळत होतं तो काय म्हणतोय ते. ती तिथं होती. मीच तिला तिथं ठेवली होती. त्यानं काठी मारली, दंडावर, दोनदा, तीनदा. मी हात सोडले नाहीत. फडकं आधी काळं झालं, मग नाहीसं झालं. मग आवाज झाला, प्रेशर कुकरची शिट्टी उडते तसा, आणि डब्यातून पिवळा जाळ उभा राहिला, माझ्या डोक्याहून उंच. लोणच्याची बरणी तडकली. पाणी कोणी घातलं नाही. पाण्याखालीही जळतं, दोघांनी बघितलं होतं. तो माझ्या हातात उभा राहून बघत होता, मी त्याच्या खांद्यावरून. जाळ बसला तेव्हा तोही बसला, गवतावर. कोणीतरी फोन केला होता, आगीची गाडी आली तोवर डब्यात राख होती.

वळ आठ दिवस होता दंडावर. त्याचं काही नाही.

म्हातारा आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. बोलणं बंद, खाणं बंद. वैशू रडत होती, "आई, तू कशाला हात लावलास? आता घर खाली करायला सांगेल तो. बाळाला घेऊन कुठं जायचं?" निखिल म्हणाला, "मावशी, एकदा विचारायचं तरी." मी म्हणलं, "दादा, विचारायचं ज्याला, तो दवाखान्यात होता." तेवढ्यात पुण्याहून वहिनींचा फोन आला, निखिलनं झालेलं सांगितलं, फोन टेबलावर स्पीकरवरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं, "दुसऱ्यांच्या वस्तूंना हात लावायची सवय आहे तिला, ती कुठं जायची?"

निखिलनं पटकन फोन बंद केला. मी भांडी घासत होते. खोटं काय बोलल्या? एकोणीस वर्षं त्यांच्या वस्तूंना हात लावूनच माझं पोट भरलं. पण मुलीचं घर माझ्या हातानं जातंय हे बरोबर नव्हतं, आणि त्याहून जास्त, त्या म्हाताऱ्याकडं आईची म्हणून एवढीच वस्तू होती.

गुरुवारी मी मऊ भात घेऊन खाली गेले. भिंतीकडंच तोंड. मी ताट ठेवलं. उशाशी फुलदाणी होती. मी तिच्यापाशी उभी राहिले. थांबले आधी. मग वाकले.

"बाबा, माझ्या हातानं झालं. मी चांगल्यासाठी केलं, पण झालं माझ्या हातानं. तुम्ही घर सोडा म्हणालात तर आम्ही सोडू. पण तुमच्या आईचं तोंड मी बघितलंय. रुंद कपाळ. डावा खांदा खाली. मी जिती आहे तोवर विसरायची नाही."

सगळं नुसत्या मराठीत. त्याला काय कळलं, काय नाही. मान हलवली नाही, हातही वर केला नाही. भात तसाच राहिला.

शुक्रवारी संस्थेचा माणूस आला. तरुण, दाढीवाला, हातात लॅपटॉप. निखिलनं त्याला अंगणातच सगळं सांगितलं. तो राखेजवळ उकिडवा बसला, डबा हलवून बघितला. मग म्हाताऱ्याच्या घरात आला. मला वाटलं परत जाईल. पण तो म्हाताऱ्याच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसला आणि म्हणाला, तबकडीचा आवाज त्यानं लॅपटॉपवर उतरवून आणलाय. चित्र नाही तर नाही, ऐकायचं का?

म्हातारा वळला. बुधवारपासून पहिल्यांदा.

खरखर आली, तळणीत पाणी पडावं तशी. मग पियानो. कोणी पुरुष बोलला, कोणी बाई रडली. पाऊस, म्हणजे पत्र्यावर वाटाणे ओतावे तसा. मग दार करकरलं. आता ती हाकलणार, आणि ह्याला ते ऐकावं लागणार, आणि चेहरा बघायलाही आता काही नाही. माझ्यामुळं. मला वाटलं, तो दाढीवाल्याला हात करून बंद करायला सांगेल.

बारीक, घाईचा, जरा नाकातला आवाज. एकेक शब्द सुटा. मलासुद्धा कळला.

"इथून नको, बाई. वळसा घालून पुढच्या दाराला जा. मी आतून उघडते."

आणि पाऊस. आणि चिखलात पावलं, लांब जाणारी.

म्हातारा डोळे मिटून होता. हात वर केला. दाढीवाल्यानं परत लावलं. परत. चार वेळा. मी त्याच्या पापण्या बघत होते, त्या हलत होत्या आत, काहीतरी बघत असल्यासारख्या. तिचं तोंड जगात आता दोघांकडंच होतं, त्याच्याकडं आणि माझ्याकडं. मीही डोळे मिटले. एप्रन दिसला. ओठ हलले आणि बरोबर ते शब्द बसले.

शेवटी तो फुलदाणीकडं सरकला. "हाकलत नाही," म्हणाला. "पुढून बोलावते." पन्नास वर्षं पोरगी पाठ फिरवताना बघितली त्यानं, ती कुठं चाललीय ते ऐकल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

माफ केलं असं तो मला त्या दिवशी म्हणाला नाही, नंतरही म्हणाला नाही. मी विचारलं नाही. रीळ गेलं ते गेलं. घर सोडा असंही म्हणाला नाही. पुढं दोन वर्षं जगला, रोज दुपारी तो आवाज लावायचा, आणि सिनेमाचा शेवट मग एकच सांगायचा, पोरगी पुढच्या दारानं आत जाते, बस्स, तिथंच संपतो.

आवाज ऐकला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी आमटी-भात घेऊन खाली गेले. मागच्या पायरीला चपला काढल्या, दार ढकललं. दाराला आतून कडी. आजवर त्या दाराला कडी कधी नव्हती. म्हणलं, झालं. आता निरोप येईल, घर खाली करा. ताट हातात घेऊन उभी राहिले. आतून काठीचा आवाज आला, लांब जाणारा. मग घराच्या पुढच्या बाजूनं दार उघडल्याचा.

मी ताट सांभाळत घराला वळसा घातला. वाटेची फरशी तापलेली होती, पायाला चटके बसत होते. पुढचं दार सताड उघडं. उंबऱ्यात म्हातारा, हातात उशाशी असायची ती फुलदाणी, छातीशी धरलेली. मी बोलायला गेले तर हात वर केला. मी थांबले. त्यानं माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, मग बाजूला सरकला आणि म्हणाला, "कम इन, मॅडम."

चपला त्या दिवशी मागच्या पायरीलाच राहिल्या. संध्याकाळी जाऊन आणल्या आणि पुढं ठेवल्या.